कॉफीचा कोपरा सादळू नये म्हणून

प्रश्न : पुण्यात आमच्याकडे बोअरचं पाणी होतं. तेव्हापासून दर महिन्याला कॉफी मशीनमधून व्हिनेगर फिरवायची सवय आहे. दीड वर्षापूर्वी गुहागरजवळ, समुद्रापासून दोनशे पावलांवरच्या घरी राहायला आलो. साफसफाई तशीच चालू आहे, उलट जास्तच करते. तरी कॉफीला कुबट वास येतो, मशीनचे स्क्रू गंजलेत, पाइपच्या जोडांवर हिरवट पूड दिसते आणि पावसात ग्राइंडर अडकतो. सामान म्हणाल तर घरगुती एस्प्रेसो मशीन, वेगळा ग्राइंडर, एक मोका पॉट आणि सासूबाईंचा पितळी फिल्टर. कधी काय करायचं ते नीट सांगाल का?

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी ते व्हिनेगर थांबवा. आजपासूनच.

मी १८ वर्षं कॉफीची यंत्रं दुरुस्त करतोय. पहिली काही वर्षं मुंबईत हॉटेलांच्या मशीनवर काढली, नंतर गावी आलो आणि आता दापोलीपासून मालवणपर्यंत घरांत, होम-स्टेमध्ये जाऊन काम करतो. तुमच्यासारखी तक्रार मला वर्षातून निदान दहा ठिकाणी ऐकू येते, आणि बहुतेक घरं तुमच्यासारखीच टापटीप असतात. तुम्ही कुठे कमी पडलेला नाहीत. घाटावरची साफसफाई तुम्ही समुद्राकाठी करताय, घोळ तिथे आहे.

घाटावर बोअरचं पाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा. मशीनच्या बॉयलरमध्ये तो साठला की पाणी नीट तापत नाही, नळ्या चोंदतात, म्हणून आम्लानं तो विरघळवावा लागतो. आपल्याकडचा जांभा हा मुळात पावसानं क्षार धुऊन नेलेला दगड. त्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं असतं. थर नसलेल्या बॉयलरमध्ये दर महिन्याला आम्ल फिरवलं तर ते खाणार काय? आतलं पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे सासूबाईंना विचारा. तुम्ही दर महिन्याला मशीन आतून कळकवत होतात. जोडांवरची हिरवी पूड ही त्यातून आणि खाऱ्या हवेतून आलेली. शिवाय व्हिनेगरचा वास रबरी वॉशरमध्ये मुरून बसतो, तो दहा टाक्या पाणी फिरवलं तरी पूर्ण जात नाही.

थर खरंच आहे का, हे अंदाजानं ठरवू नका. ज्या पाण्याची कॉफी करता ते वाटीभर पाणी स्टीलच्या लहान पातेल्यात मंद आचेवर पूर्ण आटवा. तळाला पांढुरका डाग राहील. पातेलं गार झाल्यावर त्यावर लिंबाचा एक थेंब टाका आणि उजेडात धरून बघा. बारीक बुडबुडे आले तर पाण्यात चुना आहे. बुडबुडे आले नाहीत, डाग साध्या पाण्यानं पटकन विरघळला आणि बोट लावून चाटलं तर खारट लागलं, तर ते मीठ आहे. हे दुसरं लक्षण मी गुहागरच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये बऱ्याच घरांत पाहिलंय. विहिरीची पातळी उतरली की समुद्र आत सरकतो आणि पाणी मचूळ होतं.

मचूळ पाण्याबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण समुद्राकाठची मशीनं माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त यानंच मरतात. मिठातला क्लोराइड स्टीललाही सोडत नाही. बॉयलरच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि एक दिवस त्यातून पाणी झिरपायला लागतं. चुन्याचा थर काढता येतो. हे खड्डे भरता येत नाहीत, बॉयलर बदलावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे प्यायला चालणारं पाणी रोज तापणाऱ्या बॉयलरला चालेलच असं नाही, त्याला याच्या कितीतरी कमी लागतं. आणि टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका. तो विरघळलेलं सगळं मिळून एक आकडा दाखवतो. त्यात चुना किती आणि मीठ किती, हे त्याला कळत नाही.

तेव्हा मार्च संपत आला की दर पंधरा दिवसांनी पातेल्याची परीक्षा करा. खारटपणा आला की कॉफीपुरतं कॅनचं पाणी आणा. दोघांच्या घराला वीस लिटर आरामात पुरतात. स्पेशालिटी कॉफी असोसिएशननं चवीसाठी सुचवलेला टीडीएसचा आकडा लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपासचा आहे, पण पन्नासच्या पुढचं कुठलंही गोडं पाणी मला चालतं. निव्वळ आरओचं, दहा-पंधराच्या आकड्याचं पाणी मात्र नको. त्यात कॉफी पचपचीत उतरते, आणि काही मशीनच्या सेन्सरला इतकं शुद्ध पाणी दिसतच नाही, टाकी भरलेली असून ‘पाणी भरा’चा दिवा लागतो. पावसाळ्यात पंचायतीनं विहिरीत टीसीएल पावडर टाकली की चार-पाच दिवस क्लोरीनचा वास येतो. तेव्हा पाणी उकळून उघड्यावर गार करा, रात्रभर ठेवून सकाळी वापरा.

परीक्षेत चुना निघालाच, तर सायट्रिक अ‍ॅसिड वापरा. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून खडीसाखरेसारखं मिळतं तेच. लिटरभर पाण्याला २० ग्रॅम. अर्धं फिरवायचं, वीस मिनिटं मशीन बंद ठेवायचं, उरलेलं फिरवायचं, मग दोन टाक्या साधं पाणी. आतला भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर मात्र कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच द्रावण घ्या. तुमच्या पाण्याला हे वर्षातून एकदा पुरेल, कदाचित तेवढंही लागणार नाही.

आता कुबट वासाकडे येऊ. तो दोन ठिकाणांहून येतो, तेलातून आणि ओलीतून.

भाजलेल्या कॉफीत तेल असतं. खोबरं जसं खवट होतं तसंच ते होतं. तुमच्या मशीनला जिथे हँडल अडकवता तिथे खालून पाहिलंत तर एक भोकाभोकांची चकती दिसेल. मधला स्क्रू काढून ती हातात घ्या. मशीन बंद आणि गार असताना. मी तुमच्याच भागात एका घरात ही चकती काढली तेव्हा वरच्या बाजूला काळा, चिकट, बोटाला डांबरासारखा लागणारा थर होता. घरच्या माणसांना मी ती नाकाजवळ धरायला दिली, आणि त्यांनीच ओळखलं : जुन्या खोबरेलाच्या बाटलीच्या बुचासारखा वास. प्रत्येक कपाचं पाणी त्यातून गाळून येत होतं. ती चकती आणि हँडलमधली जाळी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, एस्प्रेसो मशीनसाठी मिळणाऱ्या पावडरीत वीस मिनिटं भिजवा. या पावडरींत बहुधा सोडियम परकार्बोनेट असतं, ते तेल कापतं. खायच्या सोड्यानं ते काम होत नाही. हँडलचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग भिजवायचा नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमची कुठलीही वस्तू त्या पाण्यात टाकायची नाही, काळी पडते.

मशीनला थ्री-वे व्हॉल्व्ह, म्हणजे उरलेला दाब ट्रेमध्ये सोडणारी झडप असेल, तर हँडलमध्ये बिनभोकाची चकती लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली सफाई करता येते. कॉफी झाल्यावर बटण बंद केलं की ट्रेमध्ये ‘फस्स’ करून पाणी सुटतं का बघा. सुटत असेल तर व्हॉल्व्ह आहे. छोटा अर्धा चमचा पावडर, दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा. मग पाच वेळा नुसत्या पाण्यानं. व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनवर हे करू नका.

आणि ओल. इथे मला आग्रहानं सांगायचंय : समुद्राकाठी धुण्यापेक्षा पुसणं मोठं. पुण्यात तुम्ही ट्रे धुऊन ओलाच लावलात तरी संध्याकाळपर्यंत वाळत होता. जुलैत आपल्याकडे हवेतच एवढं पाणी असतं, की सकाळी धुतलेला ट्रे रात्रीही ओला सापडतो. हँडलमध्ये राहिलेल्या चोथ्यावर दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी येते. म्हणून जे धुवाल ते लगेच कोरडं करा, आणि जे कोरडं करता येणार नाही ते त्या दिवशी धुऊ नका. शेवटचा कप झाला की चोथा बाहेर, पाणी एकदा सोडून चकती साफ, हँडल पुसून मशीनला न अडकवता बाजूला आडवं. अडकवून ठेवलं की आत वाफ कोंडते आणि रबरी गॅस्केटही दबून लवकर कडक होतं. टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला घाला, टाकी पालथी ठेवा. ट्रे रोज रिकामा. हे सगळं चार मिनिटांचं काम आहे.

पुसायला टर्किशचे जाड नॅपकिन नकोत, ते पावसात वाळतच नाहीत आणि त्यांचाच वास कपांना लागतो. जुना पंचा घ्या. पातळ सुती, दोन तास पंख्याखाली वलणीवर टाकला की कोरडा. त्याचे चार तुकडे करा आणि त्यांची कामं ठरवून टाका : एक वाफेच्या नळीला, एक हँडलला, एक ओट्याला, एक हाताला. नळीचा तुकडा इतर कशाला लावायचा नाही. दूध फेसाळून झालं की त्याच क्षणी ओल्या तुकड्यानं नळी पुसा आणि दोन सेकंद वाफ सोडा. नळी गार होताना आत पोकळी होते आणि दूध वर ओढलं जातं, ते आत सुकलं की खरवडूनही निघत नाही. नारळाचं दूध वापरत असाल तर त्याचा चिकटा आणखी हट्टी असतो, रात्री नळीचं टोक गरम साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावं लागतं.

जागेचंही बघा. कॉफीचा कोपरा पश्चिमेच्या खिडकीत असेल तर तिथून हलवा. खिडकीतून समुद्र दिसतो हे खरं, पण वाऱ्यासोबत मीठ येतं आणि ते मशीनच्या जाळ्यांतून आत बसतं. पावसाळ्यात घाम फुटणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून मशीन चार बोटं पुढे असावं, आणि गॅसच्या शेगडीपासून चांगलं लांब, कारण फोडणीचं तेल आणि खारी हवा मिळून जो मेणचट थर बसतो तो नुसत्या फडक्यानं निघत नाही. वर प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत घाम धरतो. सुती कापडाची खोळ शिवून घ्या, तीही मशीन पूर्ण गार झाल्यावर घालायची. आणि मशीन वापरत राहा. आठवडाभर बंद राहिलेलं मशीन दमट होतं, रोज अर्धा तास तापणारं मशीन स्वतःला आतून वाळवतं.

आता ग्राइंडर. पावसात तो अडकतो कारण कॉफी सादळते. आपल्या किनाऱ्यावरून खाली मंगळूरला जाल तर तिथे पावसाळी वाऱ्यावर कच्ची कॉफी मुद्दाम सादळवतात. जून ते सप्टेंबर गोदामात पसरून ठेवतात, बिया फुगतात, रंग फिका सोनेरी होतो, आंबटपणा उतरतो. मॉन्सून्ड मलबार म्हणतात ती हीच. शिडाच्या जहाजांतून युरोपात जायला कॉफीला महिनोन् महिने लागायचे तेव्हा तिची जी चव व्हायची, ती परत मिळवण्यासाठी ही पद्धत आली. पण ती कच्च्या बियांची गोष्ट. भाजलेली बी आतून पोकळ, कोरडी, पापडासारखी ओल ओढणारी. ती ओलसर झाली की चव जातेच, आणि दळताना तिचा पिठासारखा भाग पात्यांच्या खाचांत लिंपला जातो. तुमचा ग्राइंडर त्यामुळे बसतो.

म्हणून वरच्या भांड्यात बिया साठवू नका. एका वेळची मोजून टाका, माझ्याकडे १८ ग्रॅम, आणि पूर्ण दळून घ्या. मोठी पिशवी आणलीत तर पहिल्याच दिवशी तीन-चार दिवसांपुरत्या लहान काचेच्या बरण्यांत भरा, रबरी वॉशरच्या झाकणाच्या. पिशवी पुन्हा पुन्हा उघडणं टळतं. फ्रिजमध्ये ठेवू नका : गार बरणी बाहेर काढून उघडली की बियांवर दव धरतं. सिलिका जेलची पुडी बरणीत ठेवलीत तर नारिंगी दाण्यांची घ्या, कॉफीला न लागेल अशी. ओल पिऊन दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून पुन्हा नारिंगी करता येतात.

पाती महिन्यातून एकदा काढा, पावसाळ्यात पंधरवड्यातून. प्लग काढून, वरचं पातं सोडवून, कोरड्या ताठ ब्रशनं खाचा झाडायच्या, फुंकणीच्या रबरी फुग्यानं हवा मारायची. पाणी अजिबात नाही. स्टीलची पाती एकदा ओली झाली की समुद्राकाठी रात्रीत तांबूस होतात. दळण्याआधी बियांवर पाण्याचा थेंब शिंपडायची युक्ती व्हिडिओंत दाखवतात, ती कोरड्या हवेतल्या स्थिर विजेसाठी आहे. पावसाळ्यात इथे तिची गरज नाही. आणि कृपा करून तांदूळ दळू नका. मिक्सरचं भांडं तांदळानं साफ करतात म्हणून ग्राइंडरमध्येही मूठभर टाकणारी घरं मी बरीच पाहिली. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा फार कठीण. त्यानं मोटर अडते आणि त्याचं पीठ खाचांत राहून पहिल्या पावसात खळ होतं. चिकोरी मिसळलेली पूडही या ग्राइंडरजवळ आणू नका. चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी लवकर ओल धरून गोळा होते, ती फिल्टरपुरती वेगळ्या डब्यात.

रबरी गॅस्केटला खोबरेल तेल लावता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. लावत असाल तर बंद करा. त्या रबराला तेल चालत नाही, फुगून ढिलं होतं. खाद्यपदार्थांसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, ते मुगाएवढं बोटावर घेतलं की पुरे. गॅस्केट वर्ष-दीड वर्षानं बदलायचंच आहे, हँडल नेहमीपेक्षा पुढे सरकायला लागलं की समजा वेळ झाली.

मोका पॉटचं थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर राखेनं किंवा तारेच्या चोथ्यानं घासू नका, नुसत्या गरम पाण्यानं धुवा आणि तीन भाग सुटे ठेवून वाळवा. जोडून ठेवलात तर खालच्या भांड्यात पांढरे खरबरीत डाग पडतात. बाजूचा छोटा पितळी व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा बघा. त्याच्या मधली पिन हलत असेल तर बोटानं दाबून मोकळी आहे ना ते तपासा. खाऱ्या हवेत ती धरते, आणि ती सुरक्षेची झडप आहे.

पितळी फिल्टर बाहेरून आमसुलानं किंवा चिंचेनं घासा, पण लगेच धुऊन पुसा. आतली कल्हई गेली असेल, पिवळं पितळ दिसत असेल, तर कल्हई होईपर्यंत त्यात कॉफी करू नका. कॉफीही आंबट असते. भोकं चोंदली तर रिकामी चाळणी उकळत्या पाण्यात ठेवून मग मऊ ब्रश, सुई नको, भोकं मोठी होतात.

विजेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मशीन एक्स्टेन्शन बोर्डवर लावलं असेल तर काढा, १६ अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटवर आणा. खाऱ्या हवेत पिनांवर काळपट थर येतो, जोड नीट बसत नाही आणि प्लग तापतो. वापरल्यानंतर प्लगला हात लावून बघायची सवय ठेवा, गरम लागला तर सॉकेट बदलायला झालं. आणि काम झालं की प्लग उपसून ठेवा. वीज येते-जाते तेव्हाचा झटका टळतो आणि दुसरं कारण पालींचं. उबेला त्या आत शिरतात. दोन मशीनं मी अशी उघडली की सर्किटवर पाल चिकटलेली, आणि पाल व सर्किट दोन्ही जळलेलं. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मुंग्यांचा खडू कपांच्या आसपास ओढू नका.

हे सगळं धरून मे अखेरीला आगोटीची जशी बेगमी करता तशी कॉफीच्या कोपऱ्याचीही करा. ती दोन दिवस आधी, ऊन असताना. लाकडी फळी, रिकाम्या बरण्या, ब्रश, पंचाचे तुकडे, सगळ्याला उन्हं दाखवा. वॉशर आणि बाकीचं रबर मात्र सावलीत. मशीनचं मागचं झाकण दुरुस्तीवाल्याकडून एकदा उघडून घ्या, हिरवी पूड पुसून घ्या, ढिले जोड बघून घ्या. तुमच्या मशीनला हे यंदा नक्की करा, कारण दीड वर्षाच्या व्हिनेगरनंतर कुठला जोड पातळ झालाय ते बाहेरून कळणार नाही.

आणि मुलांकडे पुण्याला महिना-दोन महिने जाणार असाल, तर निघायच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करून मशीनमधलं पाणी वाफेच्या आणि गरम पाण्याच्या नळीवाटे जेवढं निघेल तेवढं काढा. बॉयलर रिकामा करायची पद्धत पुस्तिकेत असते, तीच पाळा. नळ्या उघड्या, टाकी पालथी, हँडल बाहेर, प्लग काढलेला. बिया कोणाला तरी देऊन टाका. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘आधी पाणी भरा, मगच चालू करा’ असं लिहून मशीनवर चिकटवा. गणपतीला घर उघडायला तुमच्याआधी कोणी तरी पुढे येतं, प्रवासानं दमलेलं असतं, आणि पहिलं बटण कॉफीचंच दाबतं. रिकाम्या बॉयलरचं कॉइल काही मिनिटांत जळतं. परत आल्यावर पहिल्या दोन टाक्या पाणी नुसतं फिरवून ओता, तिसऱ्या टाकीच्या पाण्याचा वास घ्या, वास आला नाही तरच कॉफी घाला.